मिरचीला दरवर्षी कोकडा येतो? पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा

वाडीत लावलेली मिरची दीड-दोन महिने छान वाढते. मग एखाद्या आठवड्यात शेंड्याची पानं वळायला लागतात, झाड आखडतं, फुलं गळतात, लागलेली मिरची वाकडी आणि बुटकी निघते. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-भिवापूर पट्ट्यात या सगळ्याला एकच शब्द आहे, कोकडा. कोणी चुरडा-मुरडा म्हणतं, कोणी बोकड्या. उपायही ठरलेला असतो: "कोकडा आला ना त्याले, फवारा मारून टाक." एक फवारा मारला, पान सरळ झालं नाही. दुसरा मारला, तरी नाही. मग झाड उपटलं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या घरामागच्या दोन वाफ्यांत मी सलग चार वर्षं हेच केलं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच भागात राहून ठेच्याची मिरची बाजारातून आणावी लागते, याचं मला फार वाईट वाटायचं. सासूबाईंच्या काळात याच वाडीतून वर्षाचं तिखट निघायचं.

कोकडा हे एका रोगाचं नाव नाही, हे मला पाचव्या वर्षी कळलं. निदान चार वेगवेगळ्या कारणांनी मिरचीचं पान वळतं, आणि एका कारणावरचं औषध दुसऱ्या कारणाला वाढवू शकतं. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यातला बराच भाग नुसता पाहण्याचा आहे.

पान वर वळलं की खाली?

सकाळी उन्हं चढायच्या आत वाफ्यात जा. मधल्या पानांकडे लक्ष देऊ नका, शेंड्याची कोवळी तीन-चार पानं बघा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला उचलल्या आहेत आणि पान होडीसारखं दिसतं आहे, तर फुलकिडे. पान उलटलं की शिरेलगत चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात. हे किडे पान खरवडून त्यातून निघणारा रस पितात, त्याच्याच या खुणा. किडा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळसर. दिसत नसेल तर वहीचा पांढरा कागद शेंड्याखाली धरून शेंडा दोन-तीनदा टिचका. कागदावर पिवळे बारीक तुकडे पडतात आणि क्षणभरानं चालू लागतात. हे कोरड्या हवेत वाढतात. आपल्याकडे फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, आणि पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली की तेव्हाही.

कडा खालच्या बाजूला वळल्या आहेत, म्हणजे होडी पालथी घातल्यासारखं पान झालं आहे, तर कोळी. हा जाळं विणणारा लाल कोळी नव्हे. मिरचीवरचा पांढरट-पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, त्याला भिंग लागतं. पण त्याच्या खुणा स्पष्ट असतात. पानाचा देठ लांबतो, पान अरुंद होतं, मागची बाजू तांबूस आणि चकचकीत दिसते, आणि बोटात धरलं तर कडक लागतं. याला दमट उबारा आवडतो. भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरत असताना आणि ऊन तापत असताना जो कोकडा येतो तो बहुतेक वेळा कोळ्याचा असतो.

तिसरं कारण विषाणू. यात पान नुसतं वर किंवा खाली वळून थांबत नाही. ते लहान होतं, शिरा जाड आणि मधला भाग फुगलेला दिसतो, दोन पानांमधलं अंतर कमी होऊन शेंड्याला गुच्छ तयार होतो. झाडाची उंची तिथंच थांबते. हा विषाणू पांढरी माशी आणते. झाड हलवलं की पिठाचा भुरका उडावा तशा पांढऱ्या माश्या उडत असतील तर शंका पक्की धरा.

चौथं कारण कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही, म्हणून त्याची हकीकत सांगते. एका वर्षी डिसेंबरात आमची सगळी झाडं एकाच वेळी, तीन दिवसांत आखडली. पानं दोऱ्यासारखी बारीक झाली, देठ पिळवटले. शेजारच्या वाफ्यातल्या टमाटरांचीही तीच गत. आम्ही विषाणू समजलो. पण विषाणू एका झाडापासून दुसऱ्याकडे जात जातो, एका रात्रीत वीस झाडं आणि वर टमाटर असा येत नाही. मग आठवलं, गव्हातल्या रुंद पानाच्या तणासाठी 2,4-डी मारलं होतं, आणि त्याच पंपानं मिरचीवर निंबोळी अर्क मारला होता. पंप तीन पाण्यानं धुतला होता, तरी पुरला नाही. या तणनाशकाची अगदी थोडी मात्राही मिरची, टमाटर आणि कपाशीला पुरते. कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं झालेलं तुम्ही धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, पाहिलं असेल, ते यामुळेच. वाऱ्याबरोबर शेजारच्या वावरातूनही ते येतं. याला औषध नाही. झाडं काळजीनं पाण्यावर ठेवली तर फटका हलका असताना महिन्याभरात नवी फूट सुधारते. आमची वीसपैकी अकरा सुधारली. तेव्हापासून वाडीसाठी दोन लिटरचा हातपंप वेगळा घेतला आणि त्यात तणनाशक कधी घातलं नाही.

वळलेलं पान परत सरळ होत नाही

हे एवढं एक वाक्य मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी फवारे वाचले असते. फुलकिड्यानं किंवा कोळ्यानं खाल्लेलं पान किडा मेल्यावरही तसंच वळलेलं राहतं. आपण तेच पान चार दिवसांनी बघतो, औषध लागू पडलं नाही समजतो, आणि दुकानातून आणखी जहाल काहीतरी आणतो. उपाय लागू पडला का हे आठ-दहा दिवसांनी निघालेल्या नव्या पानावर ठरवा. नवं पान सपाट निघालं तर काम झालं, जुनं गळून जाईल.

माझी खूण अशी आहे: उपाय केला त्या दिवशी शेंड्याखालच्या फांदीला रंगीत दोरा सैल बांधते. दोऱ्याच्या वरचं तेवढं बघायचं.

आता उपाय

फुलकिडे दिसले तर आधी पाणी. नळीला बोट लावून बारीक जोरकस धार पानांच्या मागून सोडा, सकाळच्या वेळी, तीन दिवस ओळीनं. पंधरा-वीस झाडांना हे सहज जमतं, आणि घरच्या वाडीत आपल्याला एकरभर पिकाच्या शेतकऱ्यापेक्षा हा एक मोठा फायदा आहे. त्यानंतर 5 टक्के निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीचं भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचं, साबणाचा चुरा 2 ग्रॅम मिसळायचा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या मागून मारायचं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. आठवड्यानं परत एकदा. निंबोळ्या विकत घ्यायची गरज नाही. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली सडा पडतो, तेव्हा वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून हवेशीर पोत्यात ठेवा. ओलसर ठेवल्या तर बुरशी धरते आणि अर्कात दम राहत नाही. वर्षाच्या आत वापरून टाका.

फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात. मी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून त्यावर एरंडेल लावते. सापळ्यानं कीड संपत नाही, पण ती कधी आली ते दोन-चार दिवस आधी कळतं, आणि मिरचीत ते चार दिवस मोलाचे असतात.

कोळी असेल तर निंबोळीनं थोडा आवर बसतो, पण खरं काम शेंडे खुडण्यानं होतं. कोळी सगळा शेंड्यात आणि कोवळ्या कळीत दडलेला असतो. वरचे दोन-तीन इंच खुडून पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधून दिवसभर उन्हात ठेवा. वाफ्यात टाकू नका. मग पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक लिटरला 3 ग्रॅम, संध्याकाळी. इथे दोन गोष्टी सांभाळा. भर उन्हाळ्यात, पारा पस्तिशीच्या आसपास असताना गंधक मारलं तर पानं भाजतात. आणि निंबोळी किंवा कुठलंही तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको.

कोळ्यावर कपाशीचं औषध मारणं ही सगळ्यांत मोठी चूक. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं, म्हणजे सायपरमेथ्रिनसारखी, कोळ्याला खाणाऱ्या मित्रकिडी मारतात आणि कोळी मागे उरतो, पुढच्या दोन आठवड्यांत दुप्पट होऊन येतो. आमच्याकडे चारपैकी दोन वर्षं हेच झालं असावं असं आता मला वाटतं, कारण प्रत्येक फवाऱ्यानंतर झाड आधीपेक्षा जास्त आखडलं होतं आणि पानं खालीच वळत होती.

विषाणू असेल तर झाड काढायचं. जीवावर येतं, मला अजूनही येतं. पण त्या झाडावर बसलेली पांढरी माशी उरलेल्या झाडांवर जाणारच. आधी झाडावर साबणाचं पाणी मारून माश्या ओल्या करा, मग झाड पिशवीत घेऊनच उपटा, नाहीतर उपटताना त्या उडून शेजारी बसतात. हा विषाणू मातीतून येत नाही, त्यामुळे त्याच खड्ड्यात दुसरं निरोगी रोप लावायला हरकत नाही.

पानावर नुसते हिरवे-पिवळे पट्टे असतील तर मोझॅक असू शकतो, आणि त्यातला एक विषाणू तंबाखूतूनही येतो. आपल्याकडे खर्रा घोटलेल्या हातानं माणसं रोपं लावतात. साबणानं हात धुतल्याशिवाय आमच्या घरात कोणी मिरचीच्या रोपाला हात लावत नाही, मामंजीसुद्धा नाही.

पानं चांगली, पण फुलं गळतात

ही तक्रार एप्रिल-मेमधली. झाड हिरवंगार, कीड नाही, फुलं रोज येतात आणि सकाळी वाफ्यात पिवळ्या देठासकट पडलेली दिसतात. हा रोग नाही. दिवसाचा पारा 35 च्या वर आणि रात्रीचा 25 च्या खाली उतरत नसला की मिरचीचा पराग नीट काम करत नाही, फूल फळत नाही आणि झाड ते टाकून देतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 44-45 आणि रात्री अंगणात खाट टाकूनही झोप लागत नाही इतकी धग. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. उबदार हवा तिला हवी असते, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते रणरणते नऊ दिवस, नको असतात. ढोबळी मिरचीचं तर याहून कठीण, ती उन्हाळ्यात लावूच नये असं माझं मत आहे. बारीक लवंगी जातीची मिरची त्यातल्या त्यात तग धरते.

या दिवसांत फुलं टिकवायचं टॉनिक कोणी दिलं तरी पैसे घालवू नका. झाड जगवा, फुलं जून-जुलैत परत येतील. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचा विरळ मांडव पश्चिमेच्या बाजूनं करा, म्हणजे दुपारी दोननंतरचं ऊन अडतं आणि सकाळचं मिळतं. बुडाशी चार बोटं जाडीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा. काळ्या मातीत हे आच्छादन फार महत्त्वाचं आहे, कारण ती वाळली की फाटते, आणि मिरचीची वरवर पसरलेली बारीक मुळं भेगांबरोबर तुटतात. पाणी सकाळी लवकर द्या, बोटभर खोल ओल राहील इतकंच. दुपारी पानं मलूल होणं आणि संध्याकाळी परत ताठ होणं हे स्वाभाविक आहे. ते बघून दुपारी पुन्हा पाणी घातलं तर मुळं गुदमरतात. न्हाणीचं पाणी सोडत असाल तर कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी वेगळं काढा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट, तिथे पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. तिथे शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी मिरचीसाठी राखा.

मृगाचा पहिला बरा पाऊस झाला की झाडाचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाका आणि बुडाशी मुरलेलं शेणखत द्या. ताजं शेण किंवा मूठभर युरिया नको. त्यानं कोवळी, रसाळ पानं भराभर येतात आणि फुलकिडे त्याच पानांवर तुटून पडतात. कापलेलं झाड पंधरा-वीस दिवसांत फुटतं. पण विषाणूची खूण असलेलं झाड कापून ठेवू नका, ते काढाच.

थंड हवेतही फुलं गळत असतील तर फुल हातात घेऊन तळहातावर झटका. काळे बारीक किडे पळाले तर तो फुलातला काळा फुलकिडा. 2021 च्या हंगामात आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं त्यानं अतोनात नुकसान केलं, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाची हद्द तेलंगणालाच लागून आहे. गळलेली फुलं रोज वेचून नष्ट करा, निळे सापळे वाढवा.

श्रावणात सबंध झाड अचानक मान टाकतं ती गोष्ट वेगळी. ती मर, काळ्या मातीत पाणी साचल्यानं येते. सपाट वाफ्याऐवजी वीतभर उंच गादीवाफ्यावर लावा, बहुतेक त्रास संपतो.

दरवर्षी का येतो

कारण कीड गावातून जातच नाही. कपाशी उभी आहे तोवर पांढरी माशी आणि फुलकिडे तिथे असतात. कपाशी वाळली की ते हिरवं शोधत वाडीत येतात. उन्हाळाभर ते गाजर गवतावर, कामोनीच्या तणावर, वांग्यावर आणि आपण मायेनं ठेवलेल्या एखाद-दुसऱ्या आखडलेल्या मिरचीवर दिवस काढतात. आमच्या विहिरीजवळ असं एक झाड तीन वर्षं होतं. त्याला अधूनमधून चार मिरच्या लागायच्या म्हणून ते कोणी काढू देईना. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे वं, लेकरावानी वाढवलं त्याले." शेवटी त्यांनीच एक दिवस भिंगातून त्याचं पान पाहिलं आणि स्वतःच्या हातानं ते काढलं. त्या वर्षी नव्या रोपांवर पहिला कोकडा तब्बल दीड महिना उशिरा आला, आणि तोवर दोन तोडे हाती लागले होते.

रोप कोवळं असताना विषाणू लागला तर झाड कधीच धरत नाही, म्हणून पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस झाकून काढा. मच्छरदाणीची भोकं पांढऱ्या माशीला मोठी पडतात. जुन्या धोतराचं विरळ झालेलं पान कामट्यांच्या कमानीवर ताणून सगळ्या बाजूंनी मातीत दाबलं तर ते चांगलं काम करतं. रोपं लावायच्या आधी वाफ्याभोवती ज्वारी किंवा मक्याच्या दोन दाट ओळी पेरा, त्या गुडघ्याच्या वर आल्या की मगच मिरची लावा. वाऱ्याबरोबर येणारी माशी त्यात अडकते.

वेळ बदलल्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. आधी मी मेमध्ये रोप टाकायची. आता मुख्य वाफ्यासाठी ऑगस्टच्या मध्यात टाकते आणि सप्टेंबरच्या शेवटी लावते. फुलं येतात ती नोव्हेंबरच्या थंडीत, रात्री गार असताना, आणि फळ धरतं. जातींमध्ये पंत सी-1 कोकड्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, तिची मिरची वर तोंड करून लागते. पुसा ज्वाला चवीला आम्हाला आवडते, म्हणून तिची सहा झाडं असतातच, पण तिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

एक गोष्ट कळवळून सांगायची आहे. घरात कपाशीचं औषध उरलेलं असतं आणि वाडी दारातच असते, म्हणून ते मिरचीवर जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या वावरात. वाडीत तर शेजारी लेकरं खेळतात, दोरीवर कपडे वाळतात, आणि मिरची आपण तोडून तशीच ठेच्यात घालतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासूनच बंदी होती, तरी ते किती वाड्यांवर मारलं गेलं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली बाटली वाडीकडे आणू नका. फारच गरज पडली तर वळलेल्या शेंड्याचा नमुना पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला दाखवा, मिरचीसाठी शिफारस असलेलंच औषध विचारा, आणि लेबलवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडा करू नका.

तुमची मिरची वळली असेल आणि कारण ठरत नसेल, तर पान वर वळलं की खाली, सगळी झाडं एकदम आखडली की एकेक करून, आणि मागच्या महिनाभरात वाडीत किंवा धुऱ्यापलीकडे काय फवारलं गेलं, या तीन गोष्टी आधी कागदावर लिहा. पानाचा फोटो काढाल तर मागच्या बाजूचाही काढा.